कुत्र्याला लस, मालकाला नाही

पनवेलमधल्या कुठल्याही पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची पुस्तिका उघडून बघा. रेबीजच्या स्टिकरशेजारी दुसऱ्या एका लसीचा स्टिकर असतो. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी तिची बोलीतली नावं. ती ज्या रोगांवर असते त्यांच्या यादीत लेप्टो असतोच. ही लस दर वर्षी टोचावी लागते आणि कुत्री पाळणारी मंडळी ती न चुकता टोचून घेतात. पण त्याच कुत्र्याची साखळी धरून जुलैच्या साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या मालकाला लेप्टोची लस हवी असेल, तर भारतात ती मिळत नाही. नेऱ्याकडच्या खाचरात दिवसभर ओणव्याने रोपं लावणाऱ्या बाईला मिळत नाही, कळंबोलीच्या गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारालाही मिळत नाही.

दुसरं कोडं दवाखान्यातलं. तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर लेप्टो निगेटिव्ह. दहाव्या दिवशी त्याच माणसाचं रक्त पॉझिटिव्ह. मग घरात वाद सुरू होतो, पहिली लॅब चुकली की दुसरी? बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात.

दोन्ही कोड्यांची उत्तरं लेप्टोच्या जंतूच्या अंगावर आहेत. त्याच्या आवरणात कोणती प्रथिनं आहेत, त्यांतली कोणती आपल्या शरीराला दिसतात आणि केव्हा दिसतात, यावर चाचणीही ठरते आणि लसही. आणि चाचणीला उत्तम असलेलं प्रथिन लसीला उपयोगी पडेलच असं नाही. हे शिकायला संशोधकांना बरीच वर्षं लागली आणि बरेच हॅमस्टर खर्ची पडले.

चिखल्यांच्या वाटेने

लेप्टोस्पायरा हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाला सहज दाद देत नाही. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, लांबी जाडीच्या साठ ते दोनशे पट. अंगाला पीळ आणि टोकं आकड्यासारखी वळलेली. १९०७ साली अमेरिकेत स्टिम्सन यांना तो एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात दिसला. आकार प्रश्नचिन्हासारखा वाटला म्हणून त्यांनी त्याला ‘इंटेरोगन्स’ म्हटलं, आणि ते नाव आजही टिकून आहे. १९१५ मध्ये जपानच्या इनाडा आणि इडो यांनी हाच जंतू काविळीच्या एका भयंकर तापाचं कारण असल्याचं सिद्ध केलं. भारतात १९३१ साली टेलर आणि गोयल यांनी अंदमानात त्याची नोंद केली.

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात हा जंतू आयुष्यभर बिनबोभाट राहतो. उंदराला ताप नाही, काही नाही. लघवीवाटे तो बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. गाई-म्हशी, डुकरं आणि कुत्रीही त्याला पोसतात.

पनवेल तालुक्यात त्याला हवं ते सगळं एका जागी मिळतं. पूर्वेला माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी उतरते आणि तिच्या आजूबाजूला भाताची खाचरं आहेत. पश्चिमेला खाडी. मधे सिडकोने सखल जमिनीवर वसवलेल्या वसाहती. भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की इथल्या पाण्याला ओसरायला जागा राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पनवेलही बुडालं होतं. पाणी ओसरल्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली.

धडधाकट कातडीतून हा जंतू सहसा आत शिरत नाही. त्याला खरचटलेली, भिजून भिजून मऊ पडलेली कातडी लागते, किंवा डोळे, नाक, तोंड यांचं ओलं अस्तर. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर त्याला दार उघडंच मिळतं. लावणीच्या दिवसांत रायगड जिल्ह्यात चिखल्या नसलेला पाय शोधावा लागेल.

तिसरा दिवस आणि दहावा दिवस

शिरल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. बहुतेकांचा आजार इथूनच परततो. काहींची मूत्रपिंडं आणि यकृत कोलमडतात, कावीळ होते, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. जगभरात वर्षाला सुमारे १० लाख ३० हजार रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. हा आजार डेंग्यू-मलेरियाच्या गर्दीत लपतो, त्यामुळे नेमका आकडा काढणं कठीणच.

पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात फिरत असतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतं. प्रतिपिंड म्हणजे रक्तातलं असं प्रथिन, जे एखाद्या ठरावीक परक्या आकारालाच जाऊन चिकटतं. ही तयारी पुरेशी व्हायला पाच-सात दिवस लागतात. प्रतिपिंडं वाढली की जंतू रक्तातून नाहीसा होतो आणि मूत्रपिंडात दडून राहतो.

आपल्याकडे गल्लीतल्या लॅबमध्ये होणारी कार्ड-टेस्ट जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. पट्टीवर जंतूचा माल आधीच चिकटवलेला असतो. रक्तात त्याला चिकटणारी प्रतिपिंडं असतील तर रेघ उमटते. तिसऱ्या दिवशी ती पुरेशी तयारच झालेली नसतात, म्हणून रेघ नाही. पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते ती पीसीआर चाचणी, कारण ती जंतूचा डीएनए शोधते.

उलटी फसगतही होते. एकदा तयार झालेली प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात रेंगाळतात. गेल्या पावसाळ्यात नकळत लेप्टो होऊन गेलेल्या शेतकऱ्याला आज टायफॉइडचा ताप असला, तरी पट्टीवर लेप्टोची रेघ उमटू शकते.

जगभर प्रमाण मानली जाणारी चाचणी वेगळीच आहे. फ्रान्समध्ये मार्टिन आणि पेती यांनी ती १९१८ साली मांडली. प्रयोगशाळेत लेप्टोचे अनेक उपप्रकार जिवंत पाळायचे, प्रत्येकात रुग्णाच्या रक्तातला पाणेरी भाग मिसळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात का ते पाहायचं. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढली तर निदान पक्कं. म्हणजे उत्तर येईपर्यंत रुग्ण बरा तरी झालेला असतो किंवा गेलेला तरी. शिवाय जंतूंची ही शाळा वर्षानुवर्षं जिवंत ठेवणं तालुक्याच्या रुग्णालयाच्या आवाक्यातलं काम नाही.

निदान चुकलं की काय होतं याचं उदाहरण पुन्हा अंदमानचं. १९८८ पासून तिथे पावसाळ्यानंतर खोकल्यातून रक्त पडणाऱ्या तापाच्या साथी येऊ लागल्या. नाव पडलं ‘अंदमान रक्तस्रावी ताप’. पोर्ट ब्लेअरच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राने तो लेप्टो असल्याचं दाखवलं, पण तोवर नव्वदचं दशक उजाडलं होतं. लेप्टोचं राष्ट्रीय संदर्भ केंद्र आज तिथेच आहे.

चौकट : रिपोर्ट हातात आल्यावर

ताप येऊन आठवडा झाला नसेल, तर निगेटिव्ह कार्ड-टेस्टचा अर्थ ‘लेप्टो नाही’ असा होत नाही; ‘अजून सांगता येत नाही’ असा होतो. सोय असेल तर पीसीआरबद्दल विचारा.

पहिली चाचणी निगेटिव्ह असली आणि संशय कायम असला, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा नमुना द्या.

पॉझिटिव्ह रेघ जुन्या संसर्गाचीही असू शकते. ती लक्षणांशी जुळते का, हे डॉक्टर ठरवतील.

रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी, स्वस्त औषधं वेळेवर मिळाली तर चांगली लागू पडतात.

अख्खा जंतू मारून टोचला तर?

कुत्र्याची लस अशीच बनते. लेप्टोचे जंतू वाढवायचे, मारायचे आणि टोचायचे. मुंबईला ही रीत नवी नाही. १८९६ मध्ये प्लेग आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत मांसाच्या रस्शात प्लेगचे जंतू वाढवले. रस्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे जंतू त्यांना लटकून खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेने मारून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ते आधी स्वतःलाच टोचून घेतले. त्या रस्शातला कोणता पदार्थ शरीराला जागं करतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसतानाही लस चालली.

लेप्टोच्या बाबतीत ही रीत अडते. या जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर साखरेच्या लांब साखळ्या असतात. आपल्या शरीराला सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठळक त्याच दिसतात, म्हणून मेलेल्या जंतूच्या लसीनंतर बहुतेक प्रतिपिंडं त्यांच्याविरुद्धच तयार होतात. दुर्दैवाने या साखळ्यांची रचना उपप्रकारागणिक बदलते, आणि उपप्रकार तीनशेच्या घरात आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखतीलच असं नाही. कुत्र्याच्या जुन्या लसीत दोन उपप्रकार असत, नव्यांत चार असतात. पाचवा आला तर संरक्षणाची हमी नाही. त्यात परिणाम वर्षभरच टिकतो.

माणसांसाठी अशा लसी चीन, जपान, क्यूबा आणि फ्रान्समध्ये वापरल्या गेल्या आहेत. फ्रान्समध्ये मुख्यतः मैलापाण्यात काम करणाऱ्यांसारख्या जोखमीच्या व्यवसायांत. प्रत्येक ठिकाणी लस तिथल्या उपप्रकारांपुरती. भारतासारख्या देशात प्रत्येक प्रदेशाचे उपप्रकार शोधून त्यांची वेगळी लस बनवायची आणि ती लाखो शेतकऱ्यांना वारंवार टोचायची, ही योजना कागदावरही टिकत नाही.

म्हणून संशोधक साखरेकडून प्रथिनांकडे वळले. साखळ्या बदलत असल्या, तरी जंतूला जगायला आणि रोग करायला लागणारी काही प्रथिनं सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखी असतात. जे सगळ्यांत सारखं आहे ते धरलं, तर एकाच लसीत सगळे सापडतील, असा हिशोब होता.

कपाट आणि कडी

पहिली नजर गेली लिप-एल-३२ या प्रथिनावर. लेप्टोच्या आवरणात याच्याइतकं मुबलक दुसरं प्रथिन नाही. शिवाय ते रोग करणाऱ्या जातींतच असतं. डबक्यात राहणाऱ्या निरुपद्रवी भावंडांत नसतं. आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं सापडतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरे होत असलेल्या दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांना या प्रथिनाच्या चाचणीने बरोबर ओळखलं. तापाच्या सुरुवातीला मात्र निम्म्याच्या थोडंसं वर. चाचणीसाठी माल चांगला होता. त्याचं जनुक तर आज पीसीआरमध्ये सर्रास वापरतात, कारण ते सापडलं म्हणजे जंतू रोगकारक जातीचाच आहे, हे नक्की होतं.

मग लसही याचीच करावी, असं कुणालाही वाटेल. तसं वाटलंही. प्रयोग झाले, पण शुद्ध लिप-एल-३२ टोचलेले हॅमस्टर लेप्टोपुढे टिकेनात. २००९ साली संशोधकांनी हे प्रथिनच नसलेला जंतू मिळवून तपासला, तर तोही तितकाच घातक निघाला. शेवटी २०१३ मध्ये पिने आणि हाके यांनी जुने प्रयोग पुन्हा तपासून सांगितलं की हे प्रथिन जंतूच्या पृष्ठभागावर नाहीच. ते पापुद्र्याच्या आतल्या बाजूला आहे. हाके हे या प्रथिनावर सुरुवातीपासून काम करणाऱ्यांपैकी एक. स्वतःच्या क्षेत्रातला रूढ समज असा जाहीरपणे मोडून काढणं विज्ञानातही रोज घडत नाही.

मग रुग्णाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध इतकी प्रतिपिंडं येतात कुठून? घर पाडल्यावर ढिगाऱ्यात सगळ्यात ठळक दिसतं ते लोखंडी कपाट. पण घर उभं असताना रस्त्यावरून कपाटाला हात लावता येत नाही. बाहेरून हाताला लागते ती दाराची कडी. संसर्गात जंतू मरतात, फुटतात, त्यांचा ढिगारा रक्तात पडतो आणि शरीर त्यातल्या मोठ्या वस्तूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. चाचणीला एवढं पुरतं, कारण तिला फक्त घर पडल्याचा पुरावा हवा असतो. लसीला जिवंत, उभा जंतू बाहेरून पकडायचा असतो. तिला कडीच लागते.

रुग्णाच्याच रक्ताला विचारलं

ही कडी सापडली ती एका सरळ युक्तीने. लेप्टोच्या डीएनएचे तुकडे करून ते साध्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या जीवांत घालायचे. प्रत्येक तुकड्यापासून लेप्टोचं थोडं थोडं प्रथिन बनतं. मग त्या हजारो वसाहतींवर बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं सोडायची. ज्या वसाहतीला ती चिकटतील, तिच्यातलं प्रथिन खऱ्या आजारात शरीराला नक्की दिसलेलं असतं. कोणतं प्रथिन महत्त्वाचं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. आजार भोगलेलं रक्तच बोट दाखवतं.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने घोड्यांचं रक्त वापरलं आणि ब्राझीलमधल्या गटाबरोबर काम करणाऱ्यांनी माणसांचं. २००२-०३ मध्ये दोन्हीकडे एकच कुटुंब हाती लागलं. त्याचं नाव लिग. यातली लिग-ए आणि लिग-बी ही दोन प्रथिनं महत्त्वाची. दोन्ही लांबच लांब असून एकसारख्या घड्यांची माळ ओवल्यासारखी बनलेली. लिग-बीमध्ये अशा बारा घड्या आहेत, लिग-एमध्ये तेरा. योगायोग असा की या घडीची ठेवण आपल्या प्रतिपिंडांतल्या घड्यांशी मिळतीजुळती आहे. प्लेगच्या नात्यातले जंतू आणि रोगकारक ई. कोलाय आतड्याच्या पेशींना चिकटायला वापरतात ती प्रथिनंही याच ठेवणीची.

लिग-बी सगळ्या रोगकारक जातींत असतं, लिग-ए मोजक्यांत. आणि प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून निरुपद्रवी झालेले लेप्टो ही प्रथिनं बनवायचं सोडून देतात. रोग करण्याशी त्यांचा संबंध असणार, हा संशय तिथूनच आला.

मीठ लागलं की

मला या सगळ्या कथेत सगळ्यात आवडलेला शोध २००५ सालचा आहे. मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी लेप्टो वाढवायच्या पातळ द्रवात मीठ घातलं, आपल्या रक्तात असतो तेवढा क्षार होईल इतकं. जंतूने लिग बनवणं एकदम वाढवलं. म्हणजे खाचरातल्या पाण्यात असताना त्याला हे प्रथिन फारसं लागत नाही. चिखल्यांतून आत आला, रक्ताचा खारटपणा लागला, की त्याला कळतं की आपण आता प्राण्याच्या अंगात आहोत. तेव्हा तो ही हत्यारं बाहेर काढतो.

ती कशासाठी? लिग प्रथिनं पेशींना जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट प्रथिनांना बिलगतात, त्यामुळे जंतूला आधार मिळतो. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनलाही ती पकडतात आणि गोठण्यात अडथळा आणतात. आणि आपल्याच रक्तातली, ‘हा आपला आहे, याला मारू नका’ असं सांगणारी नियंत्रक प्रथिनं ती स्वतःच्या अंगावर ओढून घेतात. फक्त लिग-बी काढून टाकलेला जंतू तरीही घातक राहिला. दोन्ही एकदम गप्प केली तेव्हा मात्र हॅमस्टर वाचले. एक मोडलं तर दुसरं, अशी तजवीज जंतूने ठेवलेली दिसते.

या शोधाचा व्यावहारिक अर्थही मोठा आहे. नेहमीच्या द्रवात वाढवून मारलेल्या जंतूंवर लिग फारसं नसणारच. म्हणजे अख्ख्या जंतूची जुनी लस टोचून शरीराला जंतूचं पाण्यातलं रूप दाखवलं जातं, अंगात शिरल्यावरचं नाही.

हॅमस्टर वाचले, पण

लिग-एच्या शेवटच्या भागातल्या घड्या ई. कोलायमध्ये बनवून हॅमस्टरना टोचल्या. नंतर प्राणघातक मात्रेत लेप्टो दिला. २००७ साली ब्राझीलमधून आलेल्या अहवालात टोचलेल्यांपैकी दोन तृतीयांशांपासून सर्वच्या सर्व हॅमस्टर जगल्याचं दिसलं. त्या वेळी हे यश फार मोठं होतं.

पण जगलेल्यांची मूत्रपिंडं तपासली, तर त्यांत जंतू होतेच. प्राणी मरत नाही, पण लघवीतून रोग पसरवत राहतो. माणसासाठी कदाचित हे चालेल. एक जीव वाचला, पुरे झालं. गोठ्यातल्या म्हशीसाठी असली लस लोढणंच ठरेल, कारण ती धडधाकट दिसेल आणि गोठ्यात लेप्टो शिंपडत राहील. २०१७ मध्ये लिग-बीचा एक तुकडा टोचलेल्या हॅमस्टरची मूत्रपिंडंही स्वच्छ राहिल्याचा अहवाल आला. वाट पुढे जाते आहे, पण माणसापर्यंत अजून पोचलेली नाही.

चाचणीकडे मात्र लिगने लवकर पाय रोवले. ब्राझीलमध्ये लिगचे तुकडे वापरून झटपट निकाल देणारी पट्टी तयार झाली आणि रुग्णालयांत पारखली गेली. गंभीर रुग्णांत ती चांगली चालते, सौम्य आजारात कमी पडते. कारण उघड आहे. सौम्य आजारात शरीराने लिगविरुद्ध प्रतिपिंडंच कमी बनवलेली असतात.

२०२१ मध्ये आणखी एक वेगळा प्रयोग समोर आला. लेप्टोची शेपटी शरीराबाहेर नसते. ती पापुद्र्याच्या आत गुंडाळलेली असते आणि तिच्या जोरावर तो स्क्रूसारखा फिरत पुढे जातो. या शेपटीचं एक प्रथिन काढून टाकलं तर जंतू जिवंत राहतो, पण हलू शकत नाही. असा लंगडा जंतू हॅमस्टरना टोचल्यावर त्यांचं निरनिराळ्या जातींच्या लेप्टोपासून रक्षण झालं. हे रक्षण साखरेविरुद्धच्या प्रतिपिंडांनी होणं शक्य नव्हतं. प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनीच ते झालं. एकच लस सगळ्या उपप्रकारांना पुरू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा आधी नव्हता.

इतर जंतूंकडून मिळालेलं बळ

पृष्ठभागावरच्या प्रथिनांची लस ही काही हवेतली कल्पना नाही. बाळाला खाजगी दवाखान्यात देतात त्या ‘पेनलेस’ ट्रिपलमधल्या डांग्या खोकल्याच्या भागात अनेक कंपन्या पर्टॅक्टिन नावाचं प्रथिन घालतात, ते त्या जंतूच्या अंगावरचंच. मेंदूज्वराच्या ‘बी’ गटाच्या जंतूवर तर साखरेचा मार्ग बंदच होता, कारण त्याच्या आवरणातली साखर आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखी आहे. इटलीत रिनो रापुओली यांच्या गटाने २००० साली त्या जंतूचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला, बाहेर दिसू शकतील अशी प्रथिनं संगणकावर निवडली आणि त्यांतून काढलेल्या लसीला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

आणि हाफकिनच्या रस्शातलं गुपित? प्लेगचा जंतू माणसाच्या अंगातल्या उबेत स्वतःभोवती एफ-वन नावाच्या प्रथिनाचं आवरण चढवतो. १९५० च्या दशकात ते वेगळं काढता आलं. आज प्लेगची झटपट पट्टी हेच प्रथिन शोधते आणि नव्या लसींतही तेच घालतात. एकच प्रथिन दोन्ही कामांना लागू पडल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

तरी सावधगिरी हवी. काही देशांत डांग्या खोकल्याचे असे जंतू पसरले आहेत ज्यांनी पर्टॅक्टिन बनवणंच सोडून दिलंय. एफ-वन नसलेले प्लेगचे जंतूही आढळले आहेत, म्हणून नव्या लसींत त्याच्या जोडीला दुसरं प्रथिन घालतात. एकाच कडीवर भिस्त ठेवणारी लस फार दिवस टिकत नाही. लेप्टोची लस आली, तर ती दोन-तीन प्रथिनांची असावी लागेल.

पैसा कोण घालणार?

विज्ञानाची अडचण सुटेल असं वाटतं. बाजाराची अडचण अवघड आहे. लेप्टो होतो तो खाचरात, गोठ्यात, गटारात आणि झोपडपट्टीत काम करणाऱ्याला. त्याच्यासाठी लस बनवून श्रीमंत होता येत नाही. कुत्र्याच्या लसीला गिऱ्हाईक आहे, दर वर्षी पैसे देणारा मालक आहे. माणसाच्या लसीला सरकारशिवाय गिऱ्हाईक नाही. पुण्यासारख्या शहरात जगाला लसी पुरवणारे कारखाने असताना या लसीची मागणी कोकणातून, आपल्या लोकप्रतिनिधींकडून, जोराने व्हायला हवी. तोवर निदान इथल्या रुग्णांच्या रक्तावर पारखलेली, पहिल्या आठवड्यात उपयोगी पडणारी चाचणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असावी, ही मागणी अवास्तव नाही. ते तंत्र आज हातात आहे.

वाचकाने करायची गोष्ट छोटी आहे. पायाला चिखल्या किंवा जखमा असतील तर गमबूट घाला. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगत असते. आणि त्यानंतरच्या महिनाभरात ताप आला, तर दवाखान्यात खुर्चीवर बसताच आपण कुठल्या पाण्यात उतरलो होतो ते आधी सांगा. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका.